वाराही लागू न देता

आबांनी चिमूटभर माती उचलली, हात खांद्याइतका वर नेला आणि माती सोडून दिली. जाड कण सरळ खाली पडले. बारीक धूळ मात्र तिरकी होऊन आमच्या अंगावर आली. "बरं हाय," आबा हळूच म्हणाले, "वारं तिकडनं आपल्याकडं हाय. आता बोलायचं न्हाई."

इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी, डिसेंबरची सकाळ. वाळलेलं कुसळी गवत, मधूनच एखादी बाभूळ आणि समोर साधारण दीडशे पावलांवर पाच चिंकारा. सूर्य थेट तोंडावर होता, म्हणजे फोटोसाठी सगळ्यात वाईट जागा. मी आबांना खुणेनं विचारलं, पलीकडून गेलो तर? पलीकडून गेलो असतो तर ऊन पाठीवर आलं असतं आणि फोटो झकास आला असता. आबांनी मान हलवली. पलीकडून गेलो असतो तर आमचा वास त्यांच्याकडे गेला असता.

आबा शिकारी नाहीत. त्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. पण वारा त्यांना शिकाऱ्याइतकाच कळतो, कारण त्यांच्या कळपावर येणारा लांडगाही वारा बघूनच येतो. शेतकऱ्यालाही तो कळायचा. खळ्यावर तिवईवर उभं राहून सुपातून धान्य सोडायचं, दाणे खाली आणि भुसा वाऱ्यावर, हे उपणणं आपल्या आजी-आजोबांनी केलेलं आहे. आबांच्या हातातून सुटलेली माती बघताना मला तेच आठवलं. हात तोच आणि वाराही तोच, फक्त यावेळी दाण्यांऐवजी एका जिवंत प्राण्याचा प्रश्न होता.

त्या सकाळपासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. शिकारी वाऱ्याची दिशा बघतो, तेव्हा तो नेमकं काय करत असतो?

वरवर बघता तो फक्त हवामान तपासतो. पण नीट बघा. त्या क्षणी तो मान्य करतो की समोरच्या प्राण्याला नाक आहे, त्या नाकातून त्याला जग कळतं आणि त्या जगात माणसाचा वास म्हणजे संकट. तो स्वतःला हरणाच्या जागी नेऊन ठेवतो आणि तिथून स्वतःकडे बघतो. 'मी त्याला कसा भासेन?' हा प्रश्न आपण एरवी फार कमी लोकांबद्दल विचारतो. नोकराबद्दल विचारत नाही, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाबद्दल विचारत नाही. शिकारी मात्र हरणाबद्दल तो विचारतो, अगदी काळजीपूर्वक. आणि मग त्याला मारतो.

आपल्याला शाळेपासून सांगितलेलं असतं की दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, म्हणजे तुम्ही चांगले वागाल. शिकारी या शिकवणीला सरळ छेद देतो. दुसऱ्याला समजून घेणं आणि दुसऱ्याची पर्वा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठगाला त्याचं गिऱ्हाईक उत्तम समजलेलं असतं. अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये एका गाजलेल्या निबंधात विचारलं होतं की वटवाघूळ असणं म्हणजे काय, हे माणसाला कधी कळू शकेल का? शिकारी म्हणेल, मला त्याची गरजच नाही. हरीण असणं कसं असतं ते राहू द्या, हरणाचं नाक कुठल्या बाजूला आहे एवढं मला पुरतं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे सगळं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. बारामती तालुक्यात आमच्या गावाबाहेरच्या गायरानात कधीमधी चिंकारा दिसायचे. एका संध्याकाळी आम्ही चौघं दोन मोटारसायकलींवर निघालो. व्हिडिओ काढायचा होता, पळणाऱ्या हरणांचा. उभ्या हरणाचा व्हिडिओ कोण बघतो? आम्ही वारा बघितला नाही, गरजच नव्हती. हॉर्न वाजवत त्यांच्या मागे लागलो. कळप फुटला. त्यात एक पिल्लू होतं. ते उलट्या दिशेला गेलं, बांधाच्या काटेरी कुंपणापाशी थांबलं आणि परत वळलं. त्याचं तोंड उघडं होतं. आमच्यातला एक जण हसत म्हणाला, "दमलं बघ." मी शूटिंग थांबवलं नाही. अंधार पडला तसे आम्ही घरी आलो. पिल्लाला त्याची आई सापडली का, मला माहीत नाही. व्हिडिओ मात्र छान आला होता.

कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी आयुष्यात कधी शिकार केलेली नाही. पुढे कधीतरी मी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून बघितला. त्यात शिकारीची आज जी व्याख्या आहे ती फक्त मारण्यापाशी थांबत नाही. वन्यप्राण्याला पकडणं, त्याचा पाठलाग करणं, त्याला फाशात किंवा सापळ्यात अडकवणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं म्हणजे शिकार. चिंकारा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त संरक्षण आहे त्यांच्यात. शिक्षा तीन ते सात वर्षांची. कायद्याच्या भाषेत आम्ही चौघं त्या संध्याकाळी शिकारी होतो. बंदूक नव्हती, फासा नव्हता, भूकही नव्हती.

जुना शिकारी आम्हाला बघून हसला असता. किंवा त्याला लाज वाटली असती. स्पॅनिश विचारवंत होसे ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये शिकारीवर एक दीर्घ चिंतन लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की माणूस प्राण्यापेक्षा इतका वरचढ झाला आहे की त्यानं आपलं बळ मुद्दाम थोडं कमी करून घेतलं नाही, प्राण्याला निसटायची संधी ठेवली नाही, तर ती शिकार उरत नाही, तो नुसता संहार होतो. या हिशेबानं वारा बघत रांगत जाणारा माणूस मोटारसायकलवाल्यापेक्षा बरा. तो हरणाच्या नाकाला मान तरी देतो.

पण हा युक्तिवाद मला पुरत नाही. हरणाच्या बाजूनं बघा. त्यानं खेळायला होकार दिलेला नाही. 'बरोबरीचा सामना' हा शब्द फक्त एकाच बाजूच्या तोंडी आहे.

उघडपणे मारणं आणि लपून मारणं यांत फरक आहे का, हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात पंडू राजा समागमात असलेल्या हरणांच्या जोडीवर बाण सोडतो. त्यातला नर हा हरणाचं रूप घेतलेला किंदम ऋषी असतो. मरता मरता तो पंडूला जाब विचारतो. पंडूचा बचाव असा की राजे हरणांना मारतात, उघडपणे किंवा छुप्या मार्गानं, त्यात दोष नाही. किंदमाचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं. तू हरीण मारलंस याचा मी तुला दोष देत नाही, असंच तो म्हणतो. त्याची तक्रार वेगळी आहे. तू ती वेळ तरी टळू द्यायची होतीस.

म्हणजे प्रश्न लपण्याचा नाहीच. लपलेल्या जागेवरून तुम्हाला काय दिसलं आणि ते दिसल्यावर तुम्ही काय केलंत, हा आहे. पंडूला ती जोडी दिसत होती. मला ते पिल्लू दिसत होतं.

इथे एक अवघड प्रसंग सांगायला हवा, वारा बघणाऱ्या दुसऱ्या लोकांचा. फासेपारधी समाज हा पिढ्यान्‌पिढ्या याच माळांवर फासे लावून जगला. बैलाच्या आडोशानं हरणांजवळ सरकणं, माग ओळखणं, आवाज काढणं ही त्यांची विद्या होती. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. त्याखाली अशा अनेक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी. इंदापूरच्या शेजारी सोलापुरात अशा लोकांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती, त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. तो कायदा १९५२ मध्ये संपला, संशय संपला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिला बोट कुठे दाखवलं जातं, ते आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्याच काळात संस्थानिक आणि साहेब हौसेनं शिकार करत होते. त्यांच्या भिंतींवरची शिंगं शोभेची ठरली, पारध्याच्या झोळीतला फासा पुरावा ठरला.

मी शिकारीचं समर्थन करत नाही. आज माळ इतके आक्रसलेत की भुकेपोटी केलेली शिकारही चिंकाराला परवडणारी नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं, ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत चूक करायला जागा नाही. पण ज्यांनी पोटासाठी वारा बघितला त्यांच्या कपाळावर शिक्का आणि ज्यांनी रीलसाठी वारा न बघताच गाडी घातली ती 'पोरं', हा हिशेब मला पटत नाही. त्या पोरांत मी होतो, म्हणून तर अजिबात पटत नाही.

आता कडबनवाडीला परत येतो, कारण खरा पेच तिथे आहे.

शिर्सुफळ आणि कडबनवाडीला आता वनविभागाची गवताळ सफारी आहे. माझ्यासारखे लोक येतात, बघतात, फोटो काढतात. समजा मी ठरवलं की लपणं ही फसवणूक आहे, मी प्रामाणिकपणे वाऱ्याच्या वरच्या बाजूनं जाईन, हरणाला माझा वास येऊ दे, त्याला ठरवू दे. ऐकायला छान आहे. होईल काय? ती पळतील. सकाळी खाल्लेलं गवत पळण्यात खर्च होईल, पिल्लू मागे राहील. माझा प्रामाणिकपणा त्यांना महागात पडेल. उलट मी शिकाऱ्यासारखाच वारा बघून, वाराही लागू न देता बसलो, तर त्यांची सकाळ सुखात जाईल. शिकाऱ्याची युक्ती जशीच्या तशी, पण त्या प्राण्याच्या भल्यासाठी.

मग फरक कुठे राहिला? मला वाटतं तो असा आहे. वाऱ्याखाली बसलं की सगळी माहिती एकाच बाजूला जमा होते. मला त्यांच्याबद्दल सगळं कळतं, त्यांना माझ्याबद्दल काहीच नाही. त्यांना सावध होता येत नाही, पळता येत नाही, नाही म्हणता येत नाही. म्हणजे त्यांच्या वाट्याची सावधगिरीही मलाच बाळगावी लागते. माहिती एकतर्फी झाली की जबाबदारीही एकतर्फी होते. शिकारी माहिती घेतो आणि जबाबदारी टाकून देतो. लांडगाही तेच करतो, पण त्याच्याकडे दुसरा पर्याय नाही. माझ्याकडे आहे.

हे फक्त माळावरचं नाही. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्यातली ॲप्स तुमच्या वाऱ्याखालीच बसलेली आहेत. तुम्ही कुठे थांबता, कशावर रेंगाळता, रात्री किती वाजता एकटे पडता, हे त्यांना कळतं. तुम्हाला त्यांचा वास येत नाही. आणि आपणही कुणाच्या तरी वाऱ्याखाली असतो. मित्रानं विश्वासानं सांगितलेलं, आई-वडिलांना न समजणारं, कुणाच्या स्टेटसवरून आपल्याला कळलेलं. आपल्याला कळलंय हे त्यांना ठाऊक नसतं. अशा वेळी आपण काय करतो, ते बघणारं कुणी नसतं.

त्या सकाळी आम्ही तासभर बसलो. मग ऊन वाढलं, जमीन तापली आणि वारा घुटमळायला लागला. आबांनी पुन्हा माती सोडली. धूळ थोडी भिरभिरली आणि पलीकडे गेली. एका मादीनं मान वर केली. शिंक आल्यासारखा एक बारीक आवाज झाला. धोक्याचा इशारा ती असाच देते आणि तिच्या नावात म्हणे तीच शिंक आहे. अजून पळापळ झाली नव्हती. माझ्या मनात आलं, आता पळतील, आता फोटो मिळेल. कॅमेऱ्यावरचा हात तसाच होता.

"चल," आबा म्हणाले, "वारं फिरलं."

आम्ही बसल्या बसल्या मागे सरकलो, ओढ्याच्या खळग्यात उतरलो आणि तिथून गाडीकडे गेलो. वळून बघितलं तेव्हा पाचही जण तिथेच होते. चारांनी मान खाली घातली होती. पाचवी अजून आमच्या दिशेनं बघत होती.