डोळे आहेत ना? मग बघ!

"नादखुळा सिनेमा. शेवट तर विषय हार्ड. पाचपैकी साडेचार स्टार."

झालं? 'अंधाधुन' बघून तुला एवढंच सुचलं? हे तर थेटरातला तिकीट फाडणारा पोरगाही सांगेल. तू दिग्दर्शक व्हायला निघालायस ना रे? मग हे असलं परीक्षण माझ्यापुढं ठेवताना हात कसा अडखळला नाही?

तो पियानोचा प्रसंग आठव. आंधळ्याचं सोंग घेतलेल्या आकाशला दिसतंय, हे आपल्याला ठाऊक. खोलीतल्या त्या दोघांना नाही. तो वाजवत राहतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती दोघं मुडदा सुटकेसमध्ये कोंबतात. कानावर पडतं ते एक, डोळ्यांपुढं चाललंय ते भलतंच. "पोटात गोळा आला" असं लिहिलंस. कशानं आला? आपल्याला काय कळलंय, त्यांना काय कळलेलं नाही, हे दिग्दर्शकानं कधी ठरवलं? आपण कुणाच्या नजरेनं बघतोय? कट नेमका कुठं पडतो? यातलं एक तरी अक्षर आहे का तुझ्या लिखाणात? संकलन पूजा लढा सुरती यांचं. त्यांचं नावसुद्धा नाही. हिरोच्या गॉगलवर मात्र चार ओळी!

वर सांगतोस, तीन वेळा बघितला. तीन वेळा खुर्चीत बसलास, एवढंच खरं.

आणि तुझी ती कारणं. वेळ नाही. मग रोज रात्री रंकाळ्यावर दोन-दोन तास गप्पा ठोकतोस, तो वेळ कुणाचा? म्हणे कॅमेरा नाही. म्हणे कोल्हापुरात राहून काय होणार, मुंबई गाठायला पाहिजे. हे तू कुठं उभा राहून बोललास, आठवतंय? खरी कॉर्नरला, कॅमेरा स्तंभापाशी! जीभ रेटली कशी तुझी? बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास याच गावात कॅमेरा घडवला. विकत आणला नाही, घडवला. त्यावर 1920 साली 'सैरंध्री' उभी केली. 1929 साली 'प्रभात' फिल्म कंपनी निघाली तीही इथंच. 1933 मध्ये ती पुण्याला गेली. तिथल्या तिच्या स्टुडिओच्या आवारात पुढं फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि तुझे ते 'अंधाधुन'वाले श्रीराम राघवन शिकले ते तिथंच. ज्या वाटेचं तोंड तुझ्या दारात आहे, ती सापडत नाही म्हणून रडतोस?

तुला जमत नसतं तर मी तोंड उघडलं नसतं. बाकीच्यांना मी रागावतो का? गेल्या हंगामात गुऱ्हाळावर मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण केलंस, ते मी अजून जपून ठेवलंय. काहिलीत रस उसळतोय. गुळव्यानं पाक पाण्यात सोडला, बोटांत धरून बघितला. आणि तू त्याच्या तोंडावर थांबलास. गूळ जमला का बिघडला, सांगितलंच नाहीस! माझा श्वास अडकला होता, लेका. ना खून, ना पोलीस, नुसता एक म्हातारा आणि त्याची दोन बोटं. लपवायचं काय आणि दाखवायचं काय, हे ज्याच्या हाताला न शिकवता कळतं, त्यानं "नादखुळा" लिहून मोकळं व्हावं? हा आळस आहे. आणि आळसाला तू "माझी स्टाइल" म्हणतोस, ही त्याहून वाईट गोष्ट. दुसऱ्याचं काम उकलून बघायला भितोस तू. उकललं की आपलं किती कच्चं आहे ते दिसतं. दिसू दे की! त्यात मरतो का कोण?

ते पान फाडून टाक. आज रात्री रंकाळा बंद. तो एकच प्रसंग लाव, आधी आवाज बंद करून, मग डोळे मिटून नुसता आवाज ऐक. प्रत्येक कट वहीत उतरव: कोण दिसतंय, कुणाला काय कळलंय. पेन्सिलीनं. उद्या सकाळी सहाला वही घेऊन ये. मी चहा टाकून ठेवतो. साडेसहाला आलास तर दार उघडणार नाही.