विचारा आणि थांबा

शास्त्रपाठ : मार्क १०:४६–५२

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तो हाका मारू लागला तेव्हा लोकांनी त्यास दटाविले. प्रभूने मात्र थांबून त्यास जवळ बोलाविले. त्यापुढे जे घडले त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो मनुष्य आंधळा आहे हे सर्वांस दिसत होते. त्यास काय हवे हे प्रभूस ठाऊक नव्हते असेही नाही. तरी प्रभूने त्यास बरे करण्यापूर्वी त्याची इच्छा त्यालाच विचारली, व त्याचे उत्तर ऐकून घेतले.

आपल्या एका खेड्यातील मंडळीचा तरुण घाटकोपर येथे महाविद्यालयात शिकत आहे. तेथे तो राष्ट्रीय सेवा योजनेत दाखल झाला. ही योजना १९६९ साली सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने वर्षास १२० तास सेवा करावयाची असते. त्यास अपंग मुलांच्या एका शाळेत काम मिळाले, व दर शनिवारी तो लोकलने मुलुंडास जाऊ लागला. त्याचा अनुभव त्याच्याच परवानगीने येथे देतो.

त्याच्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा सोपविला होता. त्यास सेरेब्रल पाल्सी होती. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूस इजा झाल्याने ही अवस्था येते. हातपाय ताठतात, पुष्कळांची वाचाही अडखळते. ती संसर्गाने पसरत नाही, आणि कोणाच्या पापाचे फळही नव्हे. वाचा नाही म्हणून समज नाही, असे तर मुळीच समजू नये.

एके दिवशी हा तरुण त्या मुलास वरणभात भरवीत होता. मुलगा तोंड फिरवी. तरुण पुन्हा चमचा पुढे करी. अखेर तो शिक्षिकाबाईंस म्हणाला, “हा हट्टी आहे, जेवतच नाही.” बाईंनी मुलापुढे चित्रांचा फलक ठेवला आणि म्हटले, “त्याला विचारा, आणि थांबा.” मुलाचा हात कापत कापत निघाला, दोनदा खाली पडला, पुन्हा उचलला गेला. बऱ्याच वेळाने त्याचे बोट मिठाच्या चित्रावर टेकले. तरुणाने भाताचा घास चाखून पाहिला. भात अळणी होता!

“सेवा करावयास मी गेलो,” तो मला म्हणाला, “पण घास एकदा चाखून पाहावा, एवढेही मला सुचले नाही.”

मुंबईच्या मालिनी चिब ह्यांचीही हीच अवस्था आहे. त्यांच्या मातोश्री मिथू अलूर ह्यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली. पुढे मालिनीबाईंनी लंडनात उच्च शिक्षण घेतले, आणि एका बोटाने टंकलेखन करून लिहिलेले त्यांचे आत्मकथन २०१० साली प्रसिद्ध झाले. त्या बोटाची वाट पाहावयास कोणी थांबले नसते, तर ते शब्द आपणांस कसे मिळते?

आता खेड्याकडे वळू. नाताळच्या सुटीत तो तरुण घरी आला. त्याच्या चुलत्याच्या घरी चौदा वर्षांची मुलगी आहे. तिला बोलता येत नाही, चालताही येत नाही. पाहुणे आले म्हणजे आतल्या खोलीचे दार लोटले जाई. त्या घरी मी कितीतरी वेळा प्रार्थना केली. लोटलेले दार मला दिसत होते, परंतु ते उघडा असे मी एकदाही म्हणालो नाही. तिच्यासाठी मी देवाशी बोललो, तिच्याशी मात्र बोललो नाही. हा माझा अपराध मी आपणांपुढे कबूल करितो.

तरुणाने जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर पाणी, भाकरी, अंथरूण, दार अशी चित्रे काढली व तिच्यापुढे ठेविली. पहिले दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी तिने दाराच्या चित्रावर हात ठेविला. आईने दार उघडले. आता ती दुपारी ओसरीवर बसते. मंदिरात मात्र ती अद्याप आलेली नाही. मंदिराच्या तीन पायऱ्या तशाच आहेत, आणि तिला यावयाचे आहे काय हे आम्ही तिला अजून विचारलेले नाही. येत्या रविवारी विचारावयाचे आम्ही ठरविले आहे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गावी असे लोटलेले दार आहे काय? असल्यास आईबापांस दोष न देता आत जा, आणि प्रथम त्या लेकराशी बोला. त्यांस हेही सांगा की २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयात तपासणीनंतर मिळतो. दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर स्वतः जा.

हे प्रभो, वाटेत थांबणाऱ्या तारका, आमची घाई दूर कर. विचारावयास नम्रता व उत्तराची वाट पाहावयास धीर दे. आमेन.