उपचाराचे कर्तेपण

प्राथमिक आरोग्य सेवेत रुग्ण बरा होतो तेव्हा त्याला बरे कोणी केले, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या गावात गर्भवतीच्या अंगात रक्त कमी आहे, हे उपकेंद्रातली आरोग्य सेविका तपासून सांगते. पण ती बाई तपासणीला आलेली असते ती आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, घरी जाऊन सासूची समजूत काढली म्हणून. पोषण आहार अंगणवाडीतून मिळतो, रक्ताचा अहवाल प्रयोगशाळा तंत्रज्ञ देतो, गोळ्या औषध निर्माण अधिकारी मोजून देतो. धोका वाटला तर वैद्यकीय अधिकारी मोहोळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरला पाठवतात, आणि १०८ ची रुग्णवाहिका वेळेवर आली नाही तर आधीचे सगळे वाया जाते. बाळंतपण सुखरूप झाले की श्रेय बहुधा एकाच नावावर जमा होते. बिघडले तर दोष पायरीपायरीने खाली उतरतो आणि जिच्या खाली कोणी नाही तिच्यापाशी थांबतो.

सरकारी निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात सुमारे ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० ला एक उपकेंद्र आणि १,००० ला एक आशा असते. ही उतरंड कागदावर स्पष्ट आहे. मात्र उतरंड आणि चमू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरंडीत आदेश वरून खाली येतो. चमूत माहिती कोणत्याही बाजूने यावी लागते, आणि जिच्याकडे ती आहे तिचे त्या क्षणापुरते ऐकावे लागते. म्हणून चमू बांधणे हा प्रशासनाइतकाच तत्त्वज्ञानाचाही प्रश्न ठरतो: ज्ञान कोणाचे प्रमाण मानायचे, आणि अनेकांनी मिळून केलेल्या कर्माची जबाबदारी कोणाची?

पहिल्या प्रश्नाचे जुने उत्तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत, आणि रुग्णाच्या गुणांमध्ये आपले दुखणे नीट सांगता येणे हाही एक गुण मोजला आहे. रुग्णाला उपचाराचा विषय न समजता घटक समजणारी ही मांडणी आजच्या अनेक मार्गदर्शिकांपेक्षा पुढची आहे. तरीही चरक वैद्यालाच प्रधान मानतो. कुंभार नसेल तर माती, चाक आणि दांडा असूनही घडा होत नाही, असा दृष्टान्त तो देतो. मोहोळसारख्या तालुक्यात हा दृष्टान्त अर्धाच लागू पडतो. माती आणि चाक यांना स्वतःचे ज्ञान नसते. आशाताईंना असते. कोणत्या घरात गोळ्या उशाखाली तशाच पडून आहेत, कोणाचा खोकला तीन आठवडे थांबलेला नाही, कोणती मुलगी लग्नानंतर वर्षाच्या आत गरोदर आहे, हे केंद्रातल्या डॉक्टरांना कळण्याआधी त्यांना कळलेले असते. निदान करताना डॉक्टर प्रधान असतात, यात वाद नाही. पण शोधण्याच्या आणि टिकवून धरण्याच्या कामात प्रधानपण दुसऱ्याकडे जाते. महाराष्ट्रात उपकेंद्रांवर नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारी अनेकदा आयुर्वेदाचे पदवीधर असतात, म्हणजे चरकाचा हा अध्याय अभ्यासक्रमात शिकूनच ते इथे आलेले असतात. त्याची परीक्षा उपकेंद्रात रोज होते.

दुसऱ्या प्रश्नाला गीतेचा अठरावा अध्याय भिडतो. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध क्रिया आणि दैव. हे असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे तिथे म्हटले आहे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या अहंकाराला हे चांगले औषध आहे. पण त्याचा दुष्परिणामही आहे. कर्ता एकटा नाही असे सगळ्यांनीच मानले, तर चूक झाल्यावर जाब द्यायला कोणीच उरत नाही. अमेरिकी राजकीय तत्त्वचिंतक डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये सार्वजनिक कारभारातल्या याच अडचणीची चर्चा केली: हात इतके असतात की नेमका कोणता चुकला हे सांगता येत नाही. श्रेय वाटून घेणे आणि जबाबदारी विरघळू न देणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या, ही खरी अडचण आहे.

तिचे सर्वांत व्यवहारी उत्तर बौद्ध विनयपिटकात सापडते. महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. इतरांच्या काही उपयोगाचा नसल्यामुळे त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन मंचकावर निजवले. गोष्ट एवढ्यावर संपली असती तर ती करुणेची कथा राहिली असती. बुद्धांनी पुढे नियम घातला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने सेवा करावी. तो नसेल तर आचार्याने, तोही नसेल तर शिष्याने किंवा सहनिवासी भिक्षूने. कोणीच नसेल तर संघाने. न केल्यास दोष लागतो. आधी नाव घेऊन एकाची जबाबदारी, ती चुकली तर क्रमाने पुढच्याची, आणि शेवटी सगळ्यांची, असा हा क्रम आहे. ‘सगळ्यांची’ हा शब्द शेवटी येतो, आरंभी नाही. आरोग्य केंद्रांच्या बैठकांत नेमके उलटे होते.

याची कसोटी ऊसतोडीच्या हंगामात लागते. टाकळी सिकंदरचा भीमा सहकारी कारखाना आणि अनगरचा लोकनेते कारखाना सुरू झाले की तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणारी गरोदर बाई गावच्या आशाताईंच्या यादीत नसते, कारण ती गावची नाही; तिच्या मूळ गावच्या यादीत असते, पण तिथे ती नसते. टोळी आठ-दहा दिवसांत दुसऱ्या शिवारात हलते. प्रत्येकाने आपले काम चोख केले तरी ती कोणाच्याच वाट्याला येत नाही. इथे कोणाचा हलगर्जीपणा नसून रचनेतच भोक आहे. विनयाच्या क्रमाने पाहिले तर उत्तर सरळ निघते: ज्या शिवारात कोपी आहे तिथली आशा पहिली, मग उपकेंद्राची सेविका, मग केंद्र, आणि टोळी हलताना माता-बाल संरक्षण कार्डासोबत पुढच्या गावच्या सेविकेला फोन.

अशी जबाबदारी न्याय्य ठरायची असेल तर तिच्यासोबत अधिकार आणि मोबदला हवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमतेची खोच इथेही जाणवते. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्यामुळे वरच्याविरुद्ध एकजूट होत नाही. कंत्राटी आणि कायम, मानधन आणि पगार, असे थर एकाच खोलीत बसतात. आशा ही पदाने स्वयंसेविका. तिच्या कामाचा मोठा भाग कामागणिक भत्त्यावर चालतो, आणि महाराष्ट्रातल्या आशांना यासाठी २०२१ आणि २०२३ मध्ये संप करावे लागले. जिला बैठकीत खुर्ची मिळत नाही तिने तिथे डॉक्टरांची चूक दाखवावी, ही अपेक्षा भाबडी आहे.

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने हे थर प्रत्यक्षात पातळ करून दाखवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये शेजारच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात काम सुरू केले. गावोगावी परिचारिका ठेवण्याचा पहिला विचार टिकला नाही, तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यांत दलित आणि निरक्षर बायकाही होत्या, त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या नियमित जामखेडला येत, शिकत, आणि आपल्या गावात काय घडले ते सांगत, डॉक्टर ऐकत. १९७८ च्या अल्मा आताच्या जाहीरनाम्यात समाजातले आरोग्य कार्यकर्ते आणि डॉक्टर-परिचारिका यांनी चमू म्हणून काम करावे असे म्हटले, तेव्हा जामखेडला त्याचा अनुभव होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या आराखड्यात वेगवेगळ्या व्यवसायांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे असे मांडले. यांतले ‘एकमेकांकडून’ सर्वांत अवघड, कारण त्यासाठी वरच्याला शिष्य व्हावे लागते.

मोहोळमध्ये अशा शिकण्याला तयार जागा आहे: दर महिन्याला अंगणवाडीत भरणारा ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण दिन. तिथे आशा, आरोग्य सेविका आणि अंगणवाडी सेविका एकत्र येतात, पण दोघी आरोग्य खात्याच्या आणि तिसरी महिला व बालविकासची, त्यामुळे एकाच बाळाची नोंद तीन वह्यांत होते. जोखमीच्या बायका-मुलांची एकच यादी, प्रत्येक नावापुढे एकीचे नाव, आणि सोलापूरला पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे आशाताईंना कळवण्याची सवय, एवढ्यानेही बरेच बदलते.

अशा सामायिक यादीला एक मर्यादा मात्र आखावी लागते. चमूला माहीत असणे म्हणजे गावाला माहीत होणे, असे छोट्या गावात सहज घडते. क्षयरोग, गर्भपात, नवऱ्याची मारहाण या गोष्टी रुग्णाने एकीला विश्वासाने सांगितलेल्या असतात. त्यातले पुढे किती सांगायचे हे उपचाराच्या गरजेवर आणि रुग्णाच्या संमतीवर ठरते. चरकाने जिला चौथा पाद म्हटले ती रुग्णही या चमूत आहे, आणि तिच्या पाठीमागे होणाऱ्या चर्चेत तिची जागा रिकामी असते.