हवा कोणत्या सदरात?

रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात द्रव्याच्या वर्गीकरणाचे जे कोष्टक असते, त्यात मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण अशी तीन सदरे आखलेली असून, हवा ही त्यांपैकी तिसऱ्या सदरात, पितळ आणि मिठाचे पाणी यांच्या पंगतीस, इतक्या निर्विकारपणे बसविलेली असते की, तिला तेथे बसविण्यास मनुष्यजातीला दोन सहस्रांहून अधिक वर्षे लागली अशी शंकाही विद्यार्थ्याच्या मनास शिवू नये. तो उत्तर पाठ करतो, त्याला गुण मिळतात आणि मामला निकालात निघतो. परंतु निकाल वाचणे निराळे आणि त्यामागील पुराव्याची छाननी करणे निराळे. आणि हवेच्या प्रकरणात हा पुरावा तर असा चमत्कारिक आहे की, एका टप्प्यावर त्याचा मोठा भाग चक्क प्रतिपक्षाच्या बाजूने उभा होता.

वैशेषिकांनी जी नऊ द्रव्ये मानली त्यांत पृथ्वी, अप् आणि तेज यांच्यामागोमाग वायूची गणना आहे. त्याला रूप नाही पण स्पर्श आहे, असे त्याचे लक्षण सांगून झाल्यावर, मग तो प्रत्यक्ष आहे की केवळ स्पर्शावरून अनुमानाने सिद्ध होणारा आहे, यावर प्राचीन आणि नव्य नैयायिकांत बराच वाद झाला. तिकडे ग्रीसमध्ये एम्पेडोक्लीझने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात चार मूलतत्त्वांत हवेला स्थान दिले, आणि ॲरिस्टॉटलने तिला उष्ण व आर्द्र अशा दोन गुणांची जोड देऊन ते स्थान पक्के केले. या मतांना आज बालिश म्हणून हसणे जितके सोपे तितकेच अन्यायाचे आहे. कारण द्रव्य म्हणजे गुणांचा आश्रय, अशी ज्यांची धारणा, ते हवा कोणत्या इंद्रियाला गोचर होते हेच विचारणार. ती फोडली असता तिच्यातून काय निघते, हा प्रश्नच त्यांच्यापुढे उभा नव्हता. (कणादाच्या परमाणूंत डाल्टनचा अणू शोधण्याची जी हौस आपल्याकडे अधूनमधून उफाळून येते, तिच्याविषयीही एवढेच म्हणावेसे वाटते की, दोघांचे प्रश्न भिन्न होते, आणि प्रश्न भिन्न असता उत्तरांतील साम्याने कणादाचा गौरव होत नाही.)

सतराव्या शतकात हवेला वजन आहे हे ठरले. टॉरिचेलीच्या नळीतील पारा, १६४८ साली प्यूई द दोम पर्वतावर चढताना तोच पारा खाली उतरत गेल्याचा पास्कालच्या मेहुण्याने दिलेला दाखला, बॉइलचा निर्वातपंप, या साऱ्यांनी हवेच्या भाराचा आणि स्थितिस्थापकतेचा हिशेब चोख मांडला. परंतु हवा एकजिनसी आहे या समजुतीला त्यांपैकी एकानेही धक्का लावला नाही. या समजुतीचे बळ किती होते हे स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाच्या उदाहरणावरून दिसते. लाकूड, हाडे, धातूंची भस्मे, क्षार असे नाना पदार्थ तापवून त्यांतून निघणारे वायू पाण्यावर उपड्या घातलेल्या भांड्यात गोळा करण्याची युक्ती त्याने योजिली, त्यांची आकारमाने काळजीपूर्वक मोजली, आणि १७२७ साली ती सर्व मोजमापे प्रसिद्धही केली. पुढील पन्नास वर्षांत ज्यांच्या शोधाबद्दल इतरांना कीर्ती लाभली, त्या वायूंपैकी अनेक त्याच्या हातून गेले असले पाहिजेत; परंतु हेल्सच्या लेखी ती सर्व हवाच होती, कोठे थोडी शुद्ध, कोठे थोडी मलिन. त्याने त्यांचे माप घेतले, परंतु स्वभाव विचारला नाही. उत्तम उपकरण हाती असूनही योग्य सदर मनात नसेल तर निरीक्षण कसे वाया जाते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

ते सदर प्रथम उघडले एडिंबराच्या जोसेफ ब्लॅकने. मॅग्नेशियाची पांढरी भुकटी तापविली असता तिचे वजन का घटते, याचा तराजूने शोध घेताना, तिच्यातून निघून जाणारा वायू हा चुन्याच्या निवळीला दुधाळ करणारा, ज्योत विझविणारा, म्हणजे नेहमीच्या हवेहून सर्वस्वी निराळ्या स्वभावाचा पदार्थ आहे, असे त्याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. आज आपण त्याला कर्बद्विप्राणिल वायू म्हणतो. एका वायूला स्वतंत्र नाव मिळताच इतरांचाही मार्ग मोकळा झाला. कॅव्हेंडिशने १७६६ साली उज्जवायूचे वर्णन केले. आणि १ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टलीने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने सूर्यकिरण एकवटून जो वायू मिळविला, त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळाली. तरीही प्रीस्टलीने त्याला फ्लॉजिस्टनविरहित हवा असेच म्हटले, कारण त्याच्याही दृष्टीने मूळ वस्तू हवा, आणि बाकीचे सर्व तिचे विकार.

लाव्हाझिए हा फ्रान्सच्या राजाच्या करवसुलीचा इजारदार होता, आणि जमा व खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे ही त्या धंद्यातील शिस्त त्याने प्रयोगशाळेतही पाळली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होऊ नये. बंदिस्त भांड्यात पाऱ्याच्या सान्निध्यात असलेली ५० घन इंच हवा त्याने १२ दिवस तापविली. ती ४२ ते ४३ घन इंचांवर आली, आणि उरलेल्या वायूत ज्योत विझू लागली, प्राणी गुदमरू लागले. पाऱ्यावर जमलेले तांबडे भस्म वेगळे काढून अधिक तापविताच त्यातून ७ ते ८ घन इंच वायू परत मिळाला. तो उरलेल्या वायूत मिसळला आणि पूर्ववत् साधी हवा तयार झाली. हवेचे तत्त्वपद येथे संपले. १७८९ साली आपल्या ग्रंथात त्याने ३३ साध्या पदार्थांची फेरिस्त दिली, तीत प्राणवायू आणि नत्रवायू आहेत, हवा नाही. आणि मूलद्रव्य म्हणजे पृथक्करणाला जेथवर पोचता आले ते शेवटचे ठिकाण, अशी सावध व्याख्या त्याने केली. त्याच फेरिस्तीत प्रकाश, उष्णता आणि चुनाही मूलद्रव्ये म्हणून बसले आहेत, यावरून ती सावधगिरी किती आवश्यक होती हे कळते. राज्यक्रांतीने पुढे १७९४ साली त्याला त्याच इजारदारीपायी गिलोटिनखाली पाठविले.

तत्त्वपद गेले खरे, पण मग हवा कोण? आज पाठ्यपुस्तक हे दुसरे पाऊल पहिल्याबरोबरच उरकून टाकते. प्रत्यक्षात येथेच खरी अडचण होती. कॅव्हेंडिशने कित्येक दिवसांच्या हवेचे नमुने तपासून १७८३ साली कळविले की, प्राणवायूचे प्रमाण दररोज एकच येते, सुमारे २०.८ टक्के. १८०४ साली गे-ल्युसॅक फुग्यातून सुमारे ७,००० मीटर उंचीपर्यंत चढला आणि तेथील हवा त्याने बाटलीत भरून आणली. तिची घटना पॅरिसच्या रस्त्यावरील हवेसारखीच निघाली. इकडे स्पेनमध्ये अध्यापन करणारा प्रूस्त १७९९ पासून प्रतिपादन करीत होता की, ज्याची घटना सर्वत्र स्थिर ते संयुग. मग या कसोटीने हवा संयुगच का मानू नये? शिवाय प्राणवायू नत्रवायूपेक्षा जड असताना तो तळाशी बसत नाही, तेव्हा दोहोंत काही रासायनिक बंधन, दुर्बळ का होईना, असलेच पाहिजे, असे त्या काळच्या अनेक नामांकित रसायनज्ञांस वाटत होते. बर्थोलेला तर द्रावण आणि संयुग यांच्यामध्ये काटेकोर सीमारेषाच मान्य नव्हती.

हा पेच सोडविणारा मनुष्य रसायनज्ञ म्हणून पुढे आलाच नव्हता. जॉन डाल्टन हा मँचेस्टरमधील शिक्षक १७८७ पासून रोजच्या हवामानाची नोंद ठेवीत असे, आणि १८४४ साली मृत्यू येईपर्यंत त्याने तो क्रम चालविला. पाण्याची वाफ हवेत किती मावते याचा विचार करता करता त्याच्या ध्यानात आले की, मिश्रणातील प्रत्येक वायू जणू दुसरा तेथे नाहीच अशा रीतीने आपापला दाब टाकतो. तेव्हा प्राणवायू खाली न बसण्यास बंधनाची जरुरी नाही, कण एकमेकांत विखुरले म्हणजे पुरे. १८०१ साली मांडलेल्या या विचारातून निरनिराळ्या वायूंच्या कणांचे आकार व भार यांचा प्रश्न उद्भवला, आणि १८०३ साली अणुभारांची पहिली यादी तयार झाली. म्हणजे अणुवादाने हवेच्या सदराचा निर्णय केला असे आपण शिकवितो, वस्तुतः हवेच्या सदराच्या वादातून अणुवाद निघाला.

निर्णयाचे इतर पुरावे मग रुजू झाले. दोन्ही वायू एकत्र करताना उष्णता निघत नाही की आकारमान बदलत नाही. पाण्यात विरघळलेल्या हवेत प्राणवायूचे प्रमाण एकपंचमांशाऐवजी एकतृतीयांशाच्या आसपास भरते, जे बंधन असते तर शक्य नव्हते. आणि द्रवरूप हवा उकळू लागली की −१९६ अंशांना उकळणारा नत्रवायू −१८३ अंशांच्या प्राणवायूच्या आधी मोठ्या प्रमाणात निघून जातो. घटनेचे स्थैर्य हा संयुगाचा आवश्यक गुण खरा, परंतु तेवढ्यावरून संयुगत्वाची सनद देता येत नाही, हे हवेने शिकविले. तिचे स्थैर्य वाऱ्यांच्या अखंड घुसळणीने आलेले आहे.

तरीही या मिश्रणाची झडती पुरी झाली नव्हती. रॅलेने एकाच काचगोलात हवेपासून काढलेला नत्रवायू तोलला तर तो सुमारे २.३१० ग्रॅम भरे, आणि रासायनिक पदार्थांपासून काढलेला २.२९९ ग्रॅम. हा अर्ध्या टक्क्याचा फरक दुसऱ्या एखाद्याने प्रयोगदोष म्हणून खर्ची टाकला असता. त्याने १८९२ साली स्वतःची अडचण जाहीरपणे मांडून रसायनज्ञांकडे खुलासा मागितला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १७८५ साली, कॅव्हेंडिशनेही हवेतील नत्रवायू विजेच्या ठिणग्यांनी काढून घेतल्यावर मागे राहणारा, १/१२० भागाहून मोठा नसलेला एक बुडबुडा नमूद करून ठेवला होता, आणि तो नोंदीतच पडून होता. रॅम्सेने तप्त मॅग्नेशियमवरून वायू पुन्हा पुन्हा नेऊन तो बुडबुडा मोठा केला. १८९४ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड येथे आर्गॉनचे अस्तित्व जाहीर झाले. चार वर्षांनी रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या ऊर्ध्वपातनाने क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन हेही तिच्यातून बाहेर काढले.

यांतील निऑनने पहिल्या सदराचीही झोप उडविली. जे. जे. टॉमसनच्या उपकरणात शुद्ध निऑनच्या किरणांनी २० आणि २२ अशा दोन भारांच्या खुणा उमटविल्या. त्याचा साहाय्यक ॲस्टन याने १९१३ साली निऑन सच्छिद्र मातीच्या नळ्यांतून वारंवार झिरपवून त्याचे दोन वाटे केले, तेव्हा त्यांच्या घनतेत शेकडा एकाहूनही कमी, परंतु निःसंशय असा फरक पडला. पुढे १९१९ साली सुधारलेल्या यंत्राने त्याने ही गोष्ट वादातीत केली. दोन्ही वाट्यांचा वर्णपट तोच, दोघांचीही रासायनिक उदासीनता तीच. लाव्हाझिएची व्याख्या शब्दशः घेतली असती तर निऑनला हवेसारखेच मिश्रणाच्या सदरात ढकलावे लागले असते. रसायनशास्त्राने नोंद कायम ठेवली आणि व्याख्येतच दुरुस्ती केली: पृथक्करणाच्या शेवटच्या ठिकाणाऐवजी अणुकेंद्रावरील विद्युत्भाराचा अंक, जो मोझ्लीने त्याच १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित करण्यास आरंभ केला होता, तो मूलद्रव्याच्या ओळखीचा दाखला ठरला.