हुंकाराविना अद्भुत

आषाढी अमावास्येची, म्हणजे दिव्याच्या अवसेची एक कहाणी आहे. (हल्ली ही तिथी गटारी म्हणूनच जास्त ओळखली जाते, तो भाग वेगळा.) राजाची सून घरातला पदार्थ चोरून खाते आणि आळ उंदरांवर ढकलते. उंदीर चिडतात आणि रात्री तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकतात. सकाळी बभ्रा होतो, सुनेला घराबाहेर काढतात. ती घरात होती तोवर रोज दिवे घासायची, तेलवात करायची, खडीसाखरेने ज्योती सारायची. ती गेली आणि ते सगळं बंद पडलं. पुढे अवसेच्या रात्री शिकारीहून परतणारा राजा झाडाखाली मुक्कामाला उतरतो, तर गावातले दिवे फांद्यांवर येऊन बसलेले, आणि कोणाच्या घरी काय काय जेवायला मिळालं याच्या गप्पा मारताहेत. राजाच्याच घरचा दिवा तेवढा उपाशी. त्याच्या तोंडून राजाला खरा प्रकार कळतो.

दिवे झाडावर चढले कसे, हे कहाणी सांगत नाही. रात्र किती काळीकुट्ट होती, राजाच्या अंगावर काटा आला की नाही, यावर तिने एक शब्द खर्च केलेला नाही. हातात अक्षता धरून बसलेल्या बायकांपुढे वाचणारी बाई हे सगळं वाण्याची यादी वाचावी तशा एका सुरात वाचून टाकते. आणि तरीही, माझ्या मते म्हणूनच, दिवे बोलले याबद्दल कोणाला शंका येत नाही. सांगणारीला स्वतःला त्यात नवल वाटत नाही, मग ऐकणारीला तरी का वाटावं?

लोककथेवर बेतलेलं आजचं मराठी लेखन लोककथेकडून नेमकी हीच गोष्ट घ्यायची विसरतं. वेताळ घेतं, मुंजा घेतं, हडळ आणि आसरा घेतं. आसरा विहिरीतून वर आली की तिच्या ओल्या केसांवर अर्धं पान जातं, मग तिच्या दंतकथेचा इतिहास येतो, मग नायकाला बसलेला धक्का. इतकी साक्षीपुरावे मांडण्याची गरज लेखकाला वाटते, कारण त्याला स्वतःलाच तिची खात्री नसते. उलट उदाहरण घ्यायचं तर 'तुंबाड' (२०१८) घ्यावं. नारायण धारपांच्या कथेतून स्फुरलेल्या या चित्रपटातला हस्तर रचलेला आहे. तो कुठल्या पुराणात नाही. पण सुरुवातीलाच बाप मुलाला त्याची जन्मकथा सांगतो, तीही थोडक्यात, ठासून, 'म्हणतात की' अशी पळवाट न ठेवता. दैवत नवं, पण सांगणं जुन्या वळणाचं. तेवढ्याने काम झालं.

हे सांगण्याचं वळण आपल्याकडून का सुटलं, याचं एक उत्तर आपल्या व्यासपीठांवर सापडतं. मराठीत लेखकाने स्वतःचं लिहिलेलं लोकांपुढे सांगण्याची परंपरा चांगली दांडगी आहे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव हिंडून कवितावाचनाला श्रोता मिळवून दिला. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाला तेच करून दिलं. पण कथाकथनाच्या मंचावर स्थिरावलं ते प्रामुख्याने ग्रामीण आणि विनोदी. मिरासदारांच्या 'भुताचा जन्म'मध्ये भूत येतं, पण ते भित्र्या माणसांच्या तोंडातून जन्मलेलं, हसून सोडून देण्यासारखं. सभागृहाला हसायला शिकवण्यात ही मंडळी वाकबगार होती, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र भूत मंचावर आलं की हसायचं असतं, अशी सवय लागली.

गंभीर अद्भुत मग छपाईत राहिलं: अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकात, धारपांच्या वाचनालयातून फिरून फाटलेल्या कादंबऱ्यांत. कवितेतलं अद्भुत पोरांच्या वाट्याला गेलं. विंदांचं 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' मोठ्याने म्हटल्याशिवाय कळतच नाही, इतकं ते ठेक्यावर उभं आहे. पण आपण ते बालसाहित्याच्या कपाटात ठेवून मोकळे झालो.

जी. ए. कुलकर्णींचं काय, असं कोणी विचारील. विचारायलाच हवं, कारण मराठीतलं सर्वांत मोठं प्रौढ अद्भुत त्यांच्याच 'रमलखुणा'त (१९७५) आहे आणि हा लेखक धारवाडला, व्यासपीठापासून कटाक्षाने लांब राहिला. 'इस्किलार' किंवा 'प्रवासी' एकट्याने, दार लावून वाचायची गोष्ट आहे. तिला ऐकणाऱ्याचा हुंकार नको असतो, एकांत हवा असतो. त्यामुळे सगळं अद्भुत बोलण्यासाठीच असतं असं मला म्हणता येत नाही. पण जीएंना ते पेललं, कारण त्यांच्या धुक्याखाली कथेचा सांगाडा कहाणीइतकाच कणखर आहे: एक माणूस निघतो, त्याला कोणी भेटतं, तो काही देतो, काही गमावतो. मागून आलेल्यांनी धुकं उचललं आणि सांगाडा तिथेच ठेवला. असं लेखन मोठ्याने वाचलं की दुसऱ्या परिच्छेदालाच जीव सोडतं. लेखकाने स्वतः लोकांपुढे वाचण्याचा खरा उपयोग हाच, की अशी लपवाछपवी उघडी पडते.

इंग्लंडमधला एक प्रसंग इथे आठवतो. ऑगस्ट १९५२. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहून झालेलं, पण छापायला कोणी तयार नाही, म्हणून टॉल्किन खचलेला. माल्व्हर्नला जॉर्ज सेयर या मित्राच्या घरी तो राहायला गेला, तेव्हा त्याच्यापुढे एक टेपरेकॉर्डर ठेवला गेला. त्याने आधी गॉथिक भाषेत ख्रिस्ती प्रार्थना म्हटली, यंत्रात सैतान असलाच तर पळावा म्हणून. गंमतच, पण साठीतल्या प्राध्यापकाची. मग 'द हॉबिट'मधला कोड्यांचा प्रसंग वाचला, नव्या ग्रंथातले उतारे वाचले, आणि स्वतःचा आवाज परत ऐकून त्याला आपल्या लेखनाबद्दल पुन्हा धीर आला. ती मुद्रणं त्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये तबकड्यांवर निघाली. त्यातला गॉलम ऐकताना कळतं, की हे पात्र घशातून आलेलं आहे, कागद नंतरचा.

या प्रसंगाच्या आधीची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑक्सफर्डला सी. एस. लुईसच्या खोलीत गुरुवारी रात्री मित्र जमत आणि एकमेकांचं अपुरं लेखन ऐकत. ह्यूगो डायसन या सदस्याला टॉल्किनच्या एल्फांचा कंटाळा होता. तो कुरकुरायचा, शेवटी शेवटी तर तो असला की टॉल्किनचं वाचन थांबायचं. म्हणजे तिथे ऐकणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार होता.

आपल्या परंपरेत हा अधिकार खेळातच शिकवला जायचा. कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का, असं विचारल्यावर पोराने हो म्हणावं, नाही म्हणावं किंवा गप्प बसावं. जे करील तेच त्याच्यावर उलटवलं जातं आणि गोष्ट जागची हलत नाही. पोर रडकुंडीला येतं, पण ऐकणाऱ्याच्या प्रतिसादावर गोष्ट अडते हे त्याला पक्कं कळतं. गोंधळात मुख्य गोंधळी कथा लावतो तेव्हा साथीदार मध्येच शंका काढतो, फिरकी घेतो, होकार भरतो. तो तिथे श्रोत्यांचा वकील असतो. आज साहित्यिक कार्यक्रमात लेखक मान खाली घालून वीस मिनिटं वाचतो, सभागृह शिस्तीत गप्प असतं, आणि शंका फुटायच्या त्या शेवटच्या प्रश्नोत्तरांत, मुळं वाळल्यावर. २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या मंचांमुळे मराठी कथेला आवाज परत मिळाला, हे चांगलंच झालं. पण तो कानात बोंडं घालून एकट्याने ऐकायचा आवाज आहे, आणि गूढकथा म्हटली की मागे कुईकुई दारं आणि कोल्हेकुई हवीच, हा हट्ट काही जात नाही. दिव्याच्या कहाणीला असं पार्श्वसंगीत लावून पाहा. दिवे बोलायचेच थांबतील.

राहता राहिला प्रश्न ज्यांच्याकडून हे घ्यायचं त्यांचा. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' छापलं. गोष्टी सांगितल्या होत्या तिच्या आयेने, अ‍ॅना लिबेराता डिसूझा हिने. पुस्तकावर नाव फ्रिअरचं, आणि साहेबी काळातल्या संग्रहांचे सगळे दोष त्यात आहेत. पण त्याच पुस्तकात अ‍ॅनाचं नाव आहे आणि तिने सांगितलेली तिची स्वतःची हकिकतही छापलेली आहे: आजीकडून गोष्टी कशा मिळाल्या, पुढे आयुष्याने काय काय दाखवलं. आपल्या कादंबऱ्यांच्या ऋणनिर्देशात आजही बहुतेक वेळा एवढंच असतं की 'कोकणातल्या एका वृद्ध स्त्रीने सांगितलेली'.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी अजून टिकून आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीही मिळाली. सुटी चित्रं एकेक करून पुढे मांडत, वाद्यांच्या साथीने कथा चालवायची, असा तो प्रकार. पण लोककथा या विषयावर परिसंवाद असला की बोलायला आपण असतो आणि चित्रकथी संध्याकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमात, जेवणाच्या रांगा लागलेल्या असताना. संयोजकांनी एकदा क्रम बदलून पाहावा. भर दुपारी, मुख्य सत्रात चित्रकथ्याने पूर्ण वेळ घेऊन कथा सांगावी, आणि त्याच्या लगेच मागून, त्याच श्रोत्यांपुढे, अद्भुत लिहिणाऱ्या लेखकाने आपलं पान वाचावं. या क्रमाला आनंदाने तयार होतील असे लेखक माझ्या नजरेत दोन-तीनच आहेत, आणि त्यातली एक मुलांसाठी लिहिते.