पंगतीची परीक्षा

करिंथच्या मंडळीत काय नव्हते? अन्य भाषांत बोलणारे होते, संदेश सांगणारे होते, आजाऱ्यांना बरे करण्याचे दान मिळालेले होते. एकाही कृपादानात तुम्ही उणे नाही, हे पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभीच मान्य करतो. आणि तिसऱ्या अध्यायात पोचतो तेव्हा याच लोकांना तो तान्ही बाळे ठरवतो. तुम्हाला अजून दूधच पाजावे लागते, जड अन्न तुम्हाला पेलत नाही, असे सुनावतो. कारण? एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा. पुढे अकराव्या अध्यायात याहून लाजिरवाणी गोष्ट बाहेर येते. प्रभुभोजनाला जमल्यावर ज्यांच्या घरी भरपूर आहे ते आपले आधी उरकून घेतात, पिऊन तर्रही होतात, आणि गरीब तसेच उपाशी बसतात.

आपल्याकडच्या मंडळ्यांत आध्यात्मिक वाढीची चर्चा होते तेव्हा करिंथची ही हकिगत सहसा निघत नाही. उपवास-प्रार्थना किती केली, वचन किती पाठ आहे, साक्ष किती जोरदार दिली, आत्म्याने भरल्याचा अनुभव आला की नाही, यावर माणसाची उंची ठरते. प्रार्थना, उपवास, वचन यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण करिंथच्या लोकांकडे यातले बहुतेक सगळे होते आणि तरी ते बाळेच राहिले, हे पवित्र शास्त्रच सांगत असेल तर आपली मोजपट्टी तपासायला हवी. माझ्या मते ख्रिस्ती माणूस वयात आला की नाही हे त्याच्या प्रार्थनेच्या आवाजावरून कळत नाही. तो कोणाच्या शेजारी जेवायला बसतो आणि कोण आले की उठतो, यावरून कळते.

पेत्राचेच पाहा. यापो गावात तो शिमोन नावाच्या, कातडी कमावणाऱ्या माणसाच्या घरी उतरला होता. यहुदी सोवळ्यात हा धंदा विटाळाचा. तिथे गच्चीवर त्याला दर्शन झाले: आकाशातून चादरीसारखे काही उतरले, त्यात निषिद्ध मानलेले सगळे प्राणी, आणि खा अशी आज्ञा. एकदा नव्हे, तीनदा. त्यानंतर तो कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या घरी गेला, त्याच्या माणसांत राहिला. यरुशलेमात परतल्यावर लोकांनी जाब विचारला तो त्याच्या प्रवचनाबद्दल नव्हता. सुंता न झालेल्यांकडे जाऊन तू जेवलास, हा आरोप होता. पेत्राने तेव्हा ठाम उत्तर दिले. एवढे झाल्यावर कोणालाही वाटेल की हा धडा पक्का झाला.

तो झाला नव्हता. पुढे अंत्युखियात, जिथे शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळाले त्याच गावात, पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली तसा तो हळूहळू मागे सरकला आणि वेगळा बसू लागला. त्याचे बघून बाकीचे यहुदी सरकले, बर्णबाही सरकला. पेत्राचा कोणताही सिद्धांत बदललेला नव्हता. तो फक्त घाबरला. पेन्टेकॉस्टचा दिवस पाहिलेला, तीनदा दर्शन झालेला, मंडळीचा खांब मानला गेलेला माणूस चार पाहुण्यांच्या नजरेला भ्याला. पौलाने त्याला सर्वांसमोर धरले.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. तारण कृपेने, विश्वासाने, कर्मांनी नव्हे. मग कोण कोणाशेजारी जेवतो हा सामाजिक सुधारणेचा विषय झाला, अध्यात्माचा नव्हे. शिवाय शहरात कोणीही कोणाच्या शेजारी बसून मिसळ खातो, त्यासाठी ख्रिस्त कशाला हवा? दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. हॉटेलात शेजारी बसणाऱ्याला आपण घरी बोलावलेले नसते, त्याला मुलगी द्यायची नसते, आणि तिथे बसल्याबद्दल कोणी आपल्याला वाळीत टाकणार नसते. जिथे काही पणाला लागत नाही तिथे परीक्षा कसली? पहिल्या भागासाठी मात्र गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडावा लागतो. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, हे पौलाचे विधान, ज्याच्या आधारावर पुढे ल्यूथरने युरोप हलवला, त्या पत्रात पहिल्यांदा येते ते याच भांडणाच्या संदर्भात. पेत्र पंगतीतून उठला, पौल रागावला, आणि त्या रागाच्या समर्थनात कृपेचा सिद्धांत मांडला गेला. म्हणजे कृपा एकीकडे आणि पंगत दुसरीकडे अशी वाटणी प्रेषिताने केलेलीच नाही. देवाने ज्याला काही न मागता जवळ केले, त्याच्याकडून तुम्ही ताटावर बसण्याआधी दाखला मागत असाल, तर कृपा तुम्हाला तोंडपाठ असेल, उमगलेली नाही.

मराठीत या गोष्टीचा सर्वांत मोठा पुरावा एका बाईने लिहून ठेवला आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या माहेरच्या माणसांत, नातलगांत राहिल्या, पंढरपूरलाही राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल सांभाळणारी. ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडिलांचे सोवळे वेडाच्या थराला गेलेले होते. ते बाळकडू घेऊन आलेली बाई एका प्रार्थनेने बदलेल अशी अपेक्षा कोणी केली असेल तर ती खोटीच ठरली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. मधली वर्षे वादावादीची, रडण्याची आणि विचार करण्याची.

या मधल्या वर्षांत जे घडले ते आपल्या साक्ष देण्याच्या साच्यात बसत नाही, म्हणून ते महत्त्वाचे. साक्षीचा साचा ठरलेला आहे: मी अंधारात होतो, प्रभू भेटला, त्या दिवसापासून सगळे बदलले. आधी विश्वास, मग वागणूक. लक्ष्मीबाईंचे उलट झाले. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या आणि शिवाशिव ही माणसाची करणी आहे असे ठरवून मोकळ्या झाल्या. त्या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. पंगत आधी बदलली, विश्वास मागून आला. आत्मा आपल्या क्रमाने काम करतो, आपल्या मासिक अहवालाच्या क्रमाने नव्हे. एखाद्या उत्साही पाळकाने तेव्हा त्यांची नोंद घेतली असती तर 'अद्याप अविश्वासी' अशीच केली असती.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 साली आला. त्याआधी नगरला अनाथ मुले सांभाळण्यात, प्लेगमध्ये लोकांची सेवा करण्यात, कोणाकोणाला घरात आसरा देण्यात लक्ष्मीबाईंचे आयुष्य गेले होते. पण या पुस्तकात त्या स्वतःला कुठेही संत करत नाहीत. नवऱ्यावरचा राग, स्वतःची भीती, फजिती, भांडणे, सगळे हसत सांगतात. ख्रिस्ती अध्यात्मावरचे मराठीतले सर्वांत मोलाचे पुस्तक मी हेच मानतो, आणि त्यात अध्यात्मावर प्रवचन जवळजवळ नाही. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईने टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण केले, याचे कौतुक होते ते योग्यच आहे. पण मला विचाराल तर त्यांचे मोठे काम त्याच्या कितीतरी आधी, शिवाशिव सोडताना, पाण्याच्या घागरीपाशी झाले.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा त्या संस्कृत पंडिता म्हणून नावाजलेल्या होत्या, आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तोही बुद्धीने पारखून. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला म्हणजे या बाईला कोणीही गृहीत धरू शकत नव्हते हे कळते. भारतातल्या पुरोहितांचे जू मानेवरून आत्ता कुठे उतरवले आहे, लगेच दुसरे घेणार नाही, असा त्यांचा बाणा. मिशनरी बायकांना तो उद्धटपणा वाटला. मला ती सचोटी वाटते. बिशप सांगतात म्हणून मान डोलावणे याला नम्रता म्हणायची सवय मंडळ्यांना आजही आहे, आणि त्या सवयीने माणसे वाढायची थांबतात.

याच रमाबाईंनी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत एक विलक्षण कबुली दिली: बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. त्या काळात त्यांनी शारदा सदन काढले होते, विधवांना शिकवत होत्या, टीका सोसत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला त्यांच्यात काही कमी दिसले नसते. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे त्यांचे जातीचे नियम पाळायची मुभा होती. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य भारतात जाऊन उपासमारीने मोडलेल्या मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. आलेल्या मुली नाना जातींच्या, त्यांत आजारी, रस्त्यावर पडलेल्या. पंगत आता पार वेगळी झाली होती. आतला ख्रिस्त गवसणे आणि बाहेरची पंगत रुंदावणे या दोन गोष्टी एकाच आयुष्यात लागोपाठ घडल्या, हे मला योगायोग वाटत नाही.

1905 साली मुक्तीत संजीवन आले. मुली रडल्या, रात्र रात्र प्रार्थना झाल्या, अन्य भाषांत बोलणे झाले. पेन्टेकॉस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात केडगावचे नाव आहे ते यामुळे, आणि आजही सभांतून याच घटनेचा दाखला दिला जातो. त्याच केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम अनेक वर्षे चालले. रमाबाई त्यासाठी उतारवयाकडे झुकताना त्या भाषा शिकल्या. टाइप जुळवणे, छपाई ही कामे आश्रमातल्या मुली-बायकांनी केली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि पुस्तक 1924 साली निघाले. या कंटाळवाण्या, चिकाटीच्या कामावर कोणी सभा भरवत नाही.

टिळकांबद्दल एकच सांगतो. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणारा हा उतावळा, हळवा, घर वाऱ्यावर सोडणारा कवी 1917 साली मिशनच्या नोकरीबाहेर पडला आणि 'देवाचा दरबार' मांडून बसला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत ही कल्पना होती. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. संस्था म्हणून तो फसला हे खरेच. पण बाप्तिस्म्याच्या रजिस्टरपेक्षा मोठी पंगत त्यांना दिसू लागली होती, आणि तीही उतारवयात.

आता आपले पाहू. गोव्यात ख्रिस्ती परंपरा पाचशे वर्षांच्या घरात आली. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले, मराठी भाषेचे ते भूषण. पण बामण, चार्दो, सुदीर ही जातींची नावे लग्नाची बोलणी निघाली की तिथे अजून वर येतात. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी एकाच वेदीसमोर ख्रिस्तप्रसाद घेत आले, सोयरीक मात्र पिढ्यान्पिढ्या आपापल्यांत राहिली. अलीकडे ती बंधने सैलावत आहेत. नगर, मराठवाडा भागात महार आणि मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतले अंतर बाहेरच्याला दिसत नाही, आतल्याला सांगावे लागत नाही. ज्यांना गावाने पंगतीबाहेर बसवले त्यांनीच आणखी एकाला बाहेर बसवावे, याचा दोष फक्त त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. जात वरून खाली अशीच झिरपते. पण प्रभुभोजनाच्या मेजावर ती चालू द्यायची की नाही, हा निर्णय आपलाच आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजून एका मेजावर येऊ शकत नाहीत, हे निराळे दुखणे.

यावर संजीवन सभा हा उपाय नाही, समितीचा ठरावही नाही. ज्यांच्या हातात काही आहे ते पाळक, धर्मगुरू आणि संडेस्कूलचे शिक्षक. त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या दृढीकरणाच्या वर्गात विश्वासांगीकार पाठ करून घ्याच. त्याबरोबर गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय आणि 'स्मृतिचित्रे'मधली लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याआधीची पाने मुलांकडून वाचून घ्या. मग त्यांना विचारा, की आपल्या मंडळीतल्या कोणत्या घरी तुम्ही आजवर एकदाही जेवला नाहीत, आणि का. उत्तरे मुलांकडून येऊ द्यात, आपण त्यांना सुचवू नयेत.