उतार कुणाच्या वाट्याला?

मार्च १९५६. अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ शहरात तेल उद्योगातल्या लोकांची एक बैठक भरली होती. शेल कंपनीत काम करणारे मॅरियन किंग हबर्ट हे भूवैज्ञानिक तिथे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी एक आलेख मांडला. दिसायला घंटेसारखा: आधी चढ, मग माथा, मग उतार. त्यांचं म्हणणं साधं होतं. तेलाच्या एका क्षेत्राचं उत्पादन असंच वाढतं आणि असंच घटतं. देश म्हणजे अशा अनेक क्षेत्रांची बेरीज, तेव्हा देशाचंही तसंच होणार. जमिनीत तेल किती धरायचं यावर अवलंबून, अमेरिकेचं उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास माथ्यावर पोचेल आणि मग घसरायला लागेल. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. १९७० साली उत्पादन खरोखरच माथ्यावर पोचलं आणि मधले काही चढउतार सोडले तर जवळपास चाळीस वर्षं घसरत गेलं.

इथे थांबलो तर हबर्ट द्रष्टे ठरतात. पण गोष्ट पुढे आहे. आडवं खोदकाम आणि उच्च दाबाच्या पाण्याने खडक फोडण्याचं तंत्र एकत्र आलं आणि टेक्सास, नॉर्थ डकोटामधल्या घट्ट खडकांतून तेल वाहायला लागलं. २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा विक्रम मोडला. २०२३ मध्ये तिथे रोज सरासरी १ कोटी २९ लाख पिंपं कच्चं तेल निघत होतं. एक पिंप म्हणजे १५९ लिटर.

हबर्ट यांच्या वारसदारांची तर आणखी पंचाईत झाली. कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर यांनी १९९८ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, की जगाचं तेल उत्पादन २०१० च्या आत घटायला लागेल. केनेथ डेफेज यांनी तर नोव्हेंबर २००५ मधली एक तारीखच देऊन टाकली. मॅथ्यू सिमन्स यांनी पत्रकार जॉन टिअर्नी यांच्याशी पैज लावली, की २०१० सालची सरासरी किंमत पिंपाला २०० डॉलरच्या वर जाईल. ती त्याच्या निम्म्यालाही पोचली नाही. जग आज रोज दहा कोटी पिंपांच्या आसपास तेल वापरतं.

मग शिखराची भीती निव्वळ बाजारगप्पा होती का? तसंही नाही. जमिनीतून सहज वाहून येणाऱ्या पारंपरिक कच्च्या तेलाचं उत्पादन २००६ च्या सुमारास माथ्यावर पोचून गेलं असावं, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनेच २०१० मध्ये म्हटलं होतं. मेक्सिकोचं कांतारेल हे अवाढव्य क्षेत्र २००४ मध्ये रोज २१ लाख पिंपं देत होतं, दहा वर्षांच्या आत ते जेमतेम पाचव्या हिश्श्यावर आलं. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायचं उत्पादन १९८० च्या दशकात माथ्यावर होतं, आज ते त्याच्या जवळपासही नाही. आणि जमिनीखाली किती साठा आहे याचे आकडे? ते ज्यांचे त्यांनीच जाहीर केलेले. १९८० च्या दशकात उत्पादनाचा कोटा साठ्याशी जोडायची भाषा 'ओपेक'मध्ये सुरू झाल्यावर एकेका देशाचा साठा, कुठलाही मोठा नवा शोध न लागता, कागदावर भराभर वाढला.

थोडक्यात, 'कधी' या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे: शिखर ओलांडून गेल्यावरच कळतं. धुक्यात घाट चढताना माथा आला की नाही हे गाडी उताराला लागल्यावरच समजतं, तसं.

मी हा वाद गेली काही वर्षं आवडीने वाचतोय. आकडे, आलेख, पैजा. क्रिकेटसारखीच मजा आहे त्यात. पण वाचता वाचता मला एक गोष्ट खटकायला लागली. दोन्ही बाजूंचे लोक कधीचा हिशेब करत होते, आणि कुणाचा हा प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. तेल कुणाचं? आपण कुणाच्या वाटणीचं जाळतोय?

आमच्या सिन्नर तालुक्यात पाण्याचं जे झालं ते आठवलं, की हा वाद मला जास्त कळतो. आजोबांच्या काळात विहीर होती. विहीर आटली तेव्हा दोनशे फुटांचा बोअर झाला. तो आटला तेव्हा पाचशेचा. मग शेजाऱ्याने आठशेचा मारला आणि आमचा पाचशेचा कोरडा पडला. या सगळ्या वर्षांत 'पाणी संपलं का?' असं कुणी विचारलं असतं तर उत्तर 'नाही' असंच होतं. उलट काही वर्षं पाणी आधीपेक्षा जास्त निघालं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पण प्रत्येक खेपेला पाणी काढणाऱ्यांची संख्या कमी होत गेली. ज्याच्याकडे पुढच्या बोअरचे पैसे होते त्याच्यासाठी पाणी होतं. ज्याच्याकडे नव्हते त्याच्यासाठी ते केव्हाच संपलं होतं.

तेलाचंही असंच आहे. ते जगासाठी एकदम संपत नाही, एकेका माणसासाठी संपतं. २०२२ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेत तेच झालं. त्या वर्षी जगात तेलाचा तुटवडा म्हणावा असा नव्हता, श्रीलंकेचे डॉलर संपले होते. जूनच्या अखेरीस सरकारने अत्यावश्यक सेवा सोडून बाकी सगळ्यांना इंधन विकणं दोन आठवड्यांसाठी थांबवलं. रिक्षावाले दिवस दिवस रांगेत उभे राहिले. पुढे क्यूआर कोड दाखवून आठवड्याचा ठरलेला वाटा घ्यायची वेळ आली. भूगर्भशास्त्रज्ञांचा वाद मिटायच्या आत त्या रिक्षावाल्यांचं शिखर येऊन गेलं होतं.

माझा थोरला भाऊ कर्जावर घेतलेली गाडी चालवतो, सकाळी शाळेची मुलं, दुपारी भाडं. त्याचं शिखर दर महिन्याच्या पंचवीस तारखेला येतं. त्याला मी हबर्टचा आलेख दाखवला तेव्हा तो म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण हप्ता कुठे थांबतोय?" त्याला तेल वाचवण्याचा उपदेश करण्याचा अधिकार मला आहे का? भारतात आपण दरडोई वर्षाला दीड पिंपापेक्षाही कमी तेल वापरतो. अमेरिकेत हाच आकडा वीसच्या वर जातो. संयम पाळायचा असेल तर तो आधी कुणी पाळायचा, हे या दोन आकड्यांतच दिसतं.

आणि तेल काही चैनीची वस्तू नाही, हेही नीट समजून घेऊ. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली तीन चतुर्थांश वाया घालवतं असं धरलं, तरी उरते ती एका धडधाकट माणसाच्या तीन-चार दिवसांच्या अंगमेहनतीइतकी. ती आपल्याला शंभर रुपयांच्या आसपास मिळते. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर, मोटेवर, डोक्यावरच्या हंड्यांखाली जी हाडं झिजवली, ती आपली झिजत नाहीत, याचं मोठं श्रेय या काळ्या द्रवाला आहे. म्हणून 'तेल वाईट' असं म्हणून मोकळं होणं मला खोटेपणाचं वाटतं.

आता उरतात ते लोक, जे अजून जन्मलेच नाहीत. अर्थशास्त्रात त्यांच्यासाठी एक हत्यार आहे: भविष्यातल्या रुपयाची आजची किंमत काढणं. दरसाल ५ टक्के दर धरला तर पन्नास वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत नऊ रुपयांहून कमी भरते. शंभर वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची? सुमारे ७६ पैसे. धरणाचा किंवा कारखान्याचा हिशेब करताना हे ठीक आहे. पण हेच सूत्र माणसांना लावलं, तर पणतवंडाचं दुःख आपल्याला शंभरातल्या एका रुपयाचंही वाटत नाही, असा त्याचा अर्थ होतो. फ्रँक रॅम्सी या तरुण गणितज्ञाने १९२८ मध्येच याला हरकत घेतली होती: पुढच्यांचं सुख केवळ ते नंतर येणार म्हणून कमी मोजणं नीतीला धरून नाही.

याला एक दमदार उत्तर आहे, ते टाळून चालणार नाही. पुढच्या पिढ्यांना जमिनीतलं तेल नकोच असेल, असं ते उत्तर. आपण त्यांना लशी देतोय, सौर पॅनल देतोय, ज्ञान देतोय. कोळशाचं उदाहरण समोर आहे. विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ब्रिटनला बजावलं होतं, की स्वस्त कोळशावर उभं राहिलेलं वैभव टिकणार नाही. ब्रिटनचं कोळसा उत्पादन १९१३ मध्ये माथ्यावर पोचलं. ३० सप्टेंबर २०२४ ला तिथलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं. जमिनीखाली कोळसा अजून आहे, घेणारं कुणी नाही. तेलाचंही तसंच होईल, असं आज अनेक जण म्हणतात. वाद आता पुरवठ्याच्या शिखराचा कमी आणि मागणीच्या शिखराचा जास्त झालाय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं, की मागणी २०३० च्या आत माथ्यावर पोचेल. ओपेकला ते मान्य नव्हतं. २०२५ मध्ये त्याच संस्थेने जोडीला दुसरं चित्रही मांडलं: धोरणं आज आहेत तशीच राहिली तर मागणी २०५० पर्यंत वाढतच जाऊ शकते.

या शेवटच्या वाक्यात मला सगळी मेख दिसते. 'धोरणं तशीच राहिली तर.' म्हणजे शिखर हे हवामानासारखं आपोआप येत नाही, निदान आता तरी. शिखरवाल्यांना वाटत होतं, की पृथ्वीच आपला हात धरेल, तेल आटेल आणि मग आपण शहाणे होऊ. बाजारवाल्यांना वाटतं, किंमत हात धरेल. दोघांनीही संयमाचं काम दुसऱ्यावर ढकललं. पृथ्वीने हात धरला नाही. उलट जमिनीत जे उरलंय ते सगळं जाळलं तर हवामानाचं काय होईल हे आपल्याला माहीत आहे. प्रश्न तेल कमी पडण्याचा राहिला नाही, ते आपल्या गरजेहून जास्त असण्याचा झाला आहे. समोरचं ताट संपलं म्हणून उठणं वेगळं, ताटात असताना उठणं वेगळं. दुसऱ्याला निश्चय लागतो, आणि निश्चय भूगर्भातून निघत नाही.

ब्रिटनच्या गोष्टीतला एक भाग मात्र सांगताना नेहमी गळतो. एके काळी तिथे दहा लाखांहून जास्त खाणकामगार होते. १९८४-८५ चा त्यांचा वर्षभराचा संप मोडला, खाणी बंद झाल्या, गावंच्या गावं बेकार झाली. देश उताराला लागला तेव्हा तो उतार त्यांच्या अंगावरून गेला. तेलाचा उतारही, पुरवठ्याने येवो की मागणीने, कुणाच्या तरी अंगावरून जाणार आहे. तो माझ्या भावाच्या अंगावरून जाईल, पंपावरच्या पोरांच्या, गॅरेजवाल्यांच्या. त्याची सोय आधी करायची की नंतर, हा मला शिखराच्या तारखेपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न वाटतो.

आपल्या घरांत एक जुना नियम होता: व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका. तेलाला तो जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तेलाला व्याज येत नाही. लिटरभर जाळलं की लिटरभर गेलं. पण मुद्दल एका रूपातून दुसऱ्या रूपात नेता येतं. नॉर्वेला १९६९ मध्ये उत्तर समुद्रात मोठं तेल सापडलं. १९९० मध्ये त्यांनी तेलाच्या पैशासाठी कायद्याने वेगळा निधी उभारला, आणि आज सरकार त्यातून साधारण तीन टक्के, म्हणजे अपेक्षित परताव्याइतकंच काढायचं, असा नियम पाळतं. त्यांचं तेल उत्पादन २००१ मध्ये माथ्यावर पोचलं, निधी मात्र वाढत गेला. यात एक टोचणारी गोष्टही आहे: ते तेल जळलं दुसऱ्यांच्या गाड्यांत, आणि त्याचा धूर सगळ्यांच्या वाट्याला आला. तरी एक कसोटी त्यातून मिळते. जाळलेल्या तेलाच्या जागी आपण काय ठेवलं?

भारत गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, म्हणजे ठेवायला आपल्याकडे निधी नाही. पण ही कसोटी आपल्यालाही लागू पडते. रोज जे तेल जळतं त्यातून अशी शहरं उभी राहतायत का, जिथे उद्या कमी तेलात जगता येईल? की अशी, जिथे दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते? गाव तिथे एसटी जाते, की एसटी बंद पडते म्हणून प्रत्येक घराला हप्त्यावर बाइक घ्यावी लागते? हे प्रश्न नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दर वर्षी येतात, 'उड्डाणपूल' आणि 'बस' या दोन ओळींत. त्या ओळी वाचायला भूगर्भशास्त्र यावं लागत नाही, आणि त्यासाठी कुठल्या शिखराची वाटही बघावी लागत नाही.